जाड तार

आमच्या जुन्या घरात गणपतीत रोषणाई लावली की फ्यूज उडायचा. १९७८ साली वैतागून मी त्यात चांगली जाड तांब्याची तार घातली. फ्यूज उडायचा थांबला! तिसऱ्या रात्री मात्र भिंतीवरची वायर तापून तिची लाकडी पट्टी पेटली. खालीच आई झोपली होती. वासाने जागी झाली म्हणून निभावले.

मी बी.ए., विषय इतिहास. पण शिक्षक कमी, म्हणून विज्ञानाचे तासही माझ्याच गळ्यात. 'तारेतील उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते' हे वाक्य मी त्याच वर्षी फळ्यावर लिहून दिले होते. मुलांनी पाठ केले, मीही केले होते.

निवृत्तीनंतर त्या वाक्यामागचा माणूस वाचला. जेम्स प्रेस्कॉट जूल, जन्म १८१८, मँचेस्टरजवळचे सॅल्फर्ड. वडिलांचा बिअर गाळण्याचा कारखाना. कॉलेजचे तोंड न पाहिलेला हा मुलगा काही काळ जॉन डाल्टनकडे शिकला, एवढेच. वाफेच्या इंजिनाऐवजी बॅटरीवरची मोटर वापरता येईल का, हा त्याचा ध्यास. (पुढे हिशेब केला तर बॅटरीतले जस्त कोळशापेक्षा महाग पडत होते. असो.)

वीज नेमकी कुठे खर्ची पडते हे पाहायला त्याने सारख्या लांबीच्या, पण जाड-बारीक अशा तांब्याच्या तारा घेतल्या. त्या काचेच्या नळ्यांवर गुंडाळून पाण्यात बुडवल्या, धारा सोडली आणि पाणी किती तापते ते थर्मामीटरने मोजले. धारा मोजायला सर्वमान्य एकक नव्हते, तेव्हा ठरावीक वेळात किती पाण्याचे विघटन होते त्यावरून स्वतःचे माप ठरवले. बारीक तारेचा रोध जास्त, म्हणून ती त्याच प्रमाणात जास्त तापली. आणि धारा दुप्पट केली की उष्णता दुप्पट नाही, चौपट!

डिसेंबर १८४० मध्ये हे रॉयल सोसायटीपुढे गेले, तेव्हा त्याला बाविसावेही पुरे झाले नव्हते. सोसायटीने फक्त सारांश छापला. सविस्तर लेख १८४१ साली 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आला. रशियात लेन्झ यांनीही स्वतंत्रपणे हाच नियम काढला.

टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघाली, तीही याच हिशेबाने, सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने. दाब वाढवला की तेवढीच शक्ती कमी धारेत जाते, आणि धारा निम्मी झाली की वाटेतल्या तारांत वाया जाणारी उष्णता पावपट होते.

फ्यूजची तार बारीक असते ती मुद्दाम. धारा वाढली की सगळ्यांत आधी तिने वितळायचे. मी तिला जाड केले, तेव्हा ती चौपट उष्णता भिंतीवरच्या वायरने सोसली.

आई त्यानंतर वीस गणपती पाहून गेली. रोषणाईचे बटण स्वतः बंद केल्याशिवाय ती एकदाही झोपली नाही.