नळीविरहित भूल, छातीच्या शस्त्रक्रियेतील

छातीची पोकळी उघडून किंवा दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियेसाठी, श्वासनलिकेत नळी न घालता आणि रुग्णाचा स्वतःचा श्वास चालू ठेवून दिलेली भूल. रुग्ण जागा, गुंगीत किंवा गाढ झोपेत असू शकतो. स्नायू शिथिल करणारे औषध मात्र दिले जात नाही. छातीतील पाणी वा पू काढणे, फुप्फुसावरणाचा तुकडा तपासणीसाठी घेणे, फुप्फुसावरील फुटके फुगे कापणे, लहान गाठ काढणे आणि निवडक रुग्णांत फुप्फुसाचा संपूर्ण खंड काढणे या कामांसाठी ती वापरतात.

शरीरक्रिया : छातीच्या भिंतीला छिद्र पडताच बाहेरची हवा आत शिरते आणि त्या बाजूचे फुप्फुस आक्रसते. शल्यविशारदाला त्यामुळे जागा मिळते, पण रुग्णाला एका फुप्फुसावर भागवावे लागते. दर श्वासागणिक हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या मध्यरेषेच्या अलीकडे-पलीकडे हलतात, आणि आक्रसलेल्या फुप्फुसातली वापरलेली हवा दुसऱ्या फुप्फुसात जाते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो तो यामुळे. अनुकूल बाजूही आहे. रुग्ण कुशीवर असताना खालच्या, निरोगी फुप्फुसाला रक्तपुरवठा अधिक होतो. श्वासपटलाचा जोर कायम असल्याने हवाही तिथेच जास्त पोहोचते. स्नायू शिथिल केल्यावर हा मेळ बिघडतो.

इतिहास : छाती उघडल्यावर फुप्फुस आक्रसू नये म्हणून फर्डिनांड झाउअरब्रुख यांनी १९०४ मध्ये ब्रेस्लाउ येथे कमी दाबाची खोली वापरली. तिच्यात रुग्णाचे धड व शल्यविशारद आत असत आणि रुग्णाचे डोके बाहेर. १९०९ मध्ये मेल्ट्झर व आउअर यांनी श्वासनलिकेतून हवा सोडण्याची रीत मांडली. स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांची दुपदरी नळी १९४९ मध्ये आली. तिच्यामुळे दोन्ही फुप्फुसे वेगवेगळी हाताळता येऊ लागली आणि छातीची मोठी शस्त्रक्रिया सुरक्षित झाली.

नळीविना काम करण्याची परंपरा मात्र खंडित झाली नाही. स्टॉकहोमचे हान्स क्रिस्तियान याकोबेउस यांनी १९१० मध्ये केवळ जागा बधिर करून छातीत दुर्बीण घातली. पुढे क्षयरोग्यांचे फुप्फुस मिटवून विश्रांती देण्याच्या उपचारात आड येणारे चिकट पट्टे ते याच मार्गाने जाळत. १९५० मध्ये अमेरिकेतील बकिंगहॅम व सहकाऱ्यांनी पाठीच्या मणक्यांतून एपिड्युरल भूल देऊन केलेल्या छातीच्या सहाशेहून अधिक शस्त्रक्रियांचा वृत्तान्त दिला. रोमच्या युजेनियो पोम्पेओ यांनी २००४ मध्ये ६० रुग्णांचे दोन गट करून जाग्या रुग्णांत फुप्फुसाची एकल गाठ काढण्याची तुलना प्रसिद्ध केली. २०११ मध्ये तैपेईच्या राष्ट्रीय तैवान विद्यापीठ रुग्णालयाने कर्करोगासाठी खंड काढलेल्या ३० रुग्णांची नोंद दिली. त्यांतील तिघांना मध्येच नळी घालावी लागली.

भारत : बंगळुरूच्या मुरली चक्रवर्ती, विवेक जवळी व सहकाऱ्यांनी नळी न घालता, केवळ उंच पातळीवरील एपिड्युरल भुलीखाली केलेल्या हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियांचा वृत्तान्त २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पद्धती : छातीची भिंत बधिर करण्यासाठी एपिड्युरल, मणक्याशेजारील किंवा बरगड्यांमधील मज्जातंतूंचा अवरोध वापरतात. यांतला शेवटचा अवरोध शल्यविशारद दुर्बिणीतून आतूनही देऊ शकतो. गुंगीसाठी प्रोपोफॉल वा डेक्समेडेटोमिडीन आणि अल्प मात्रेत फेंटानिल देतात. प्राणवायू मुखवट्यातून किंवा नाकातून जोरदार प्रवाहाने दिला जातो. श्वासातील कार्बन डायऑक्साइड, रक्तदाब व प्राणवायूची पातळी यांवर सतत लक्ष असते.

कळीचा टप्पा खोकल्याचा. फुप्फुस ओढताच रुग्ण खोकतो, आणि धमनीलगत हत्यार असताना एक खोकलाही घातक ठरू शकतो. म्हणून व्हेगस मज्जातंतूजवळ ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेनचे सुमारे २ मि.लि. सोडतात : उजवीकडे श्वासनलिकेच्या खालच्या भागाशेजारी, डावीकडे महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्यामधल्या फटीत. एवढ्याने खोकला कित्येक तास दबतो. नवख्या चमूने प्रथम शिकावे ते हेच.

नळीकडे परतणे : प्राणवायूची पातळी सतत घसरणे, रक्तस्राव, अनावर हालचाल वा खोकला, आणि फुप्फुस भिंतीला घट्ट चिकटलेले आढळणे ही मुख्य कारणे. कुशीवरच्या रुग्णात नळी घालणे अवघड असते. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, श्वासनलिकेची दुर्बीण, एका बाजूची हवा अडवणारा फुगा आणि तयार हात आधीपासून खोलीत असावेत. निर्णय लवकर घेणे हे कौशल्य मानावे, अपयश नव्हे.

निषिद्धता : अतिस्थूलता, नळी घालण्यास अवघड घसा, भरलेले पोट, आधीच घसरलेला प्राणवायू, अस्थिर हृदय. रक्त गोठण्याचा दोष असल्यास एपिड्युरल टाळतात.

मुले : मर्यादित वापर.

वऱ्हाडातील संदर्भ : बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटसारख्या गावच्या रुग्णाला छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागते. श्वासनलिकेत नळी न घालता करायच्या उपचाराचे जे रूप तालुका-जिल्हा पातळीवर शक्य असते, ते म्हणजे जागा बधिर करून छातीत निचरानळी बसवणे. क्षय किंवा न्यूमोनियानंतर छातीत पू साठलेल्या रुग्णाचा जीव अनेकदा त्यावरच वाचतो. ही नळी सामान्यतः काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, पाचव्या फटीत, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेने घालतात, कारण रक्तवाहिन्या वरच्या बरगडीच्या खालच्या कडेशी असतात. साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोमागे ३ ते ४.५ मि.ग्रॅ. धरतात. खंगलेल्या ४० किलोच्या क्षयरोग्याला २ टक्के द्रावणाचे ६ ते ९ मि.लि. एवढेच सोसते, १ टक्का करून घेतल्यास तेवढ्याच औषधात दुप्पट क्षेत्र बधिर होते.

जुन्या क्षयात फुप्फुस जागोजागी चिकटलेले असते. परदेशातील निष्कर्ष प्रामुख्याने कमी चिकटलेल्या छातींवरून आलेले असल्याने ते इथे जसेच्या तसे लावू नयेत, सी.टी. स्कॅन पाहून रुग्ण निवडावा.

मूल्यमापन : घसादुखी कमी होणे आणि लवकर खाणे-चालणे यांवर बरेचसे एकमत आहे. रुग्णालयातला मुक्काम घटतो का, कर्करोगात लसिकाग्रंथी तितक्याच नीट काढता येतात का, याविषयी मतभेद आहेत. बहुतेक अभ्यास एकेका केंद्रातले व छोटे आहेत. सर्वाधिक लाभ अशक्त फुप्फुसांच्या, व्हेंटिलेटरवरून सुटणे कठीण जाईल अशा रुग्णांना संभवतो. बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तिथे पूर्णवेळ भूलतज्ज्ञ आणि छातीचे शल्यविशारद एकत्र काम करू लागल्यास पू काढणे व आवरणाचा तुकडा घेणे या साध्या शस्त्रक्रियांपासून आरंभ करणे योग्य होईल.