महाकाय आणि म्हातारा

फिलिपाइन्स बेटांतील अंगोनो गांवीं २३ नोव्हेंबरला, ग्रामपालक संत क्लेमेंट यांच्या सणास, कागदी लगद्याचे दहा-बारा फूट उंच पुतळे मिरवितात. स्पॅनिश अमदानींतील जमीनदारांची कुळांनीं केलेली ही थट्टा, असें तेथें सांगतात. आपल्या गिरगांव-दादरच्या ख्रिस्ती वाड्यांतूनही ३१ डिसेंबरला पेंढ्याचा व जुन्या कपड्यांचा ‘म्हातारा’ नाक्यावर बसवून मध्यरात्रीं जाळतात. दोहोंचें मूळ एकच काय?

दादरचें पोर्तुगीज चर्च १५९६ सालीं स्थापन झालें, तेव्हां स्पेन व पोर्तुगाल या दोन्ही राज्यांचा धनी दुसरा फिलिप होता. त्या बेटांस नांवही त्याचेंच आहे. तथापि राजा एक म्हणून रूढि एक, हें अनुमान आम्हांस मान्य नाहीं. हेतूच भिन्न आहेत. अंगोनोचा महाकाय धन्यास हंसतो. आपला म्हातारा म्हणजे केवळ सरलेलें वर्ष.

आज वाड्या मोडून टोलेजंग इमारती उठत आहेत, आणि या रूढीची आठवण कागदापेक्षां वडीलधाऱ्यांच्या मुखींच अधिक आहे. यास्तव वाचकहो, नाक्यावरचा म्हातारा पेटविण्यापूर्वीं घरच्या म्हाताऱ्यांपाशीं घटकाभर बसावें, आणि ते सांगतील तें लिहून ठेवावें.