खिडकीवरून ओळखा घराचं वय

आज मी तुम्हाला लंडनच्या जुन्या घरांमधल्या सॅश विंडोची गोष्ट सांगणार आहे. सॅश विंडो म्हणजे वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी. तिच्या बाजूला पोकळ खोकं असतं. त्यात कप्पीवरून सोडलेल्या दोरीला वजनं लटकतात, म्हणून काचेची जड चौकट सहज वर जाते.

१६६६ मध्ये लंडन जळालं. आगीची धास्ती लोकांच्या मनातून गेलीच नाही. १७०९ च्या कायद्याने सांगितलं, लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी बाजूपासून चार इंच आत बसवा. १७७४ मध्ये आणखी एक कायदा आला आणि ते खोकंसुद्धा विटांमागे गेलं. म्हणजे बघा, नुसती खिडकी पाहून घराच्या वयाचा अंदाज बांधता येतो!

आज यातली बरीच घरं संरक्षित आहेत. खिडकी बदलायची तर परवानगी लागते. राहणारे म्हणतात, फटींतून गार वारा येतो, हीटरचं बिल आम्ही भरतो. तक्रार खरीच आहे. पण त्यासाठी अख्खी खिडकी काढायची गरज नसते. लाकूड बहुतेक वेळा खालच्या बाजूलाच कुजतं. सुतार तेवढाच भाग कापून नवा तुकडा सांधतो, दोरी बदलतो, जवसाच्या तेलाची पुट्टी भरतो, फटींना ब्रशची पट्टी लावतो. वारा थांबतो आणि हाताने फुंकून केलेली जुनी, किंचित लहरी काचही वाचते. मला विचाराल तर आधी सुतार बोलवावा.

आणि हो, इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ खिडक्यांवर चक्क कर होता. ती गंमत पुढच्या भागात!