एक डॉलर, दहा वर्षं: पंडिता रमाबाईंचा हिशेब

आपल्या शहापूर-मुरबाडकडे वाचनालय, वसतिगृह किंवा चर्चचं एखादं छोटं काम सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, पैसा कोण देणार? मग एखादा पुढारी, नाहीतर मुंबईची एखादी कंपनी शोधायची. पण हा पैसा कोणत्या अटीवर येणार आणि कधी थांबणार, हे फारसं कुणी विचारत नाही. आजची गोष्ट त्याच प्रश्नाची आहे.

१८८७ साल. पंडिता रमाबाई अमेरिकेत गावोगाव भाषणं देत होत्या. त्यांना विधवा मुलींसाठी शाळा काढायची होती. एखादा मोठा शेठ गाठून काम भागलं असतं. पण त्यांनी वेगळी वाट धरली. डिसेंबरमध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. शहरोशहरी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर द्यायचा, असा दहा वर्षांचा शब्द घेतला गेला.

आता यातली गंमत बघा. रक्कम लहान, पण देणारे पुष्कळ, आणि पैसा दरवर्षी येणार. दहा जण गळले तरी शाळा बंद पडत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो, तो इथे नव्हताच.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. एक अट होती: रमाबाई स्वतः ख्रिस्ती असल्या, तरी शाळेत धर्मप्रचार करायचा नाही. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळावर आली, ती या भरवशावर.

पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या, आणि काही मुली तिथे जाऊन बसायच्या. दार उघडं होतं, सक्ती नव्हती, असं रमाबाईंचं म्हणणं. हा सरळ धर्मप्रचार आहे, असं टीकाकारांचं म्हणणं. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

नीट बघा, अमेरिकेतला पैसा थांबला नव्हता. थांबला तो पुण्यातला विश्वास. पैसे देणारे एकीकडे, मुली पाठवणारे दुसरीकडे, आणि एकाच अटीचा अर्थ दोघांनी वेगळा लावला. बरोबर कोण, यावर आजही वाद होतो. पण 'चालेल' म्हणजे नेमकं काय चालेल, हे आधीच स्पष्ट लिहून ठेवलं असतं, तर निदान भांडण कशावर आहे ते कळलं असतं.

आणि मुदत? दहा वर्षं १८९८ ला संपणार होती. रमाबाई तोवर थांबल्या नाहीत. त्यांनी आधीच दौंडच्या अलीकडे केडगावला जमीन घेतली आणि फळबाग लावली. बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, हा हेतू. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, शेकडो मुली आल्या, खर्च बागेच्या आवाक्याबाहेर गेला. पण राहायला स्वतःची जागा होती. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, झालेलं काम सांगितलं, आणि नवी असोसिएशन उभी राहिली.

आज कायदे बदललेत. देवळाचा ट्रस्ट असो की चर्चचा, महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि दरवर्षी हिशेब लागतो. परदेशी देणगी एफसीआरएच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. पण कागद पूर्ण असले म्हणजे विश्वास मिळतोच असं नाही. तो गावातच कमवावा लागतो.

तेव्हा तुमच्या मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये वहीत तीन ओळी लिहा. सगळ्यात मोठा देणगीदार उद्या थांबला तर किती महिने निघतील? त्याची अट काय आहे, आणि ती गावाला माहीत आहे का? मुदत संपायच्या आत आपलं स्वतःचं काय उभं राहील? या तिन्हींची उत्तरं मिळाली की मग पावती पुस्तक छापायला टाका.

भेटू पुढच्या भागात!