उटणे ते एक्सफोलिएटर : त्वचाविषयक शिफारशींच्या विश्वासार्हतेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
त्वचेचा मृत थर दूर करून ती स्वच्छ ठेवण्याची पद्धत भारतीय समाजात प्राचीन आहे. आज या कामासाठी स्क्रब, तसेच सॅलिसिलिक व ग्लायकोलिक आम्लयुक्त उत्पादने बाजारात उपलब्ध असून त्यांविषयीचा सल्ला इन्फ्लुएन्सर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्ती मोबाईलच्या पडद्यावरून देतात. ज्या पाथर्डी तालुक्यातून अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात, तेथील विद्यार्थ्याने अशा उत्पादनावर केलेला खर्च क्षुल्लक नसतो. म्हणून या मतांवर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न शिक्षकांच्याही चिंतनाचा विषय ठरतो.

उद्दिष्टे :
१) त्वचाविषयक शिफारशींचे बदलते स्वरूप अभ्यासणे.
२) इतिहासाच्या साधनचिकित्सेच्या आधारे इन्फ्लुएन्सरच्या मतांचे मूल्यमापन करणे.

विषय विवेचन :

अ) परंपरेतील शिफारस –
वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' ग्रंथातील दिनचर्या अध्यायात चूर्णाने अंग चोळण्यास 'उद्वर्तन' म्हटले असून ते कफहारक व त्वचा प्रसन्न करणारे मानले आहे. त्याच अध्यायात कफग्रस्त, अजीर्ण झालेल्या व शोधनोपचार घेतलेल्या व्यक्तीने अभ्यंग टाळावा, असेही सांगितले आहे. उपाय कोणी करू नये हे सांगणे हा जबाबदार सल्ल्याचा पहिला गुण होय. महाराष्ट्रात नरकचतुर्दशीचे उटणे, लग्नातील हळद व टाचा घासण्याची वज्री यांतून ही परंपरा घरोघरी टिकली. येथे सल्ला देणारी आजी वा आई घरातीलच असे. परिणाम तिच्या डोळ्यांसमोर घडत असे आणि त्यात तिचा आर्थिक लाभ नसे. तथापि, गोऱ्या वर्णाचा आग्रहही याच घरगुती सल्ल्यातून पोसला गेला, हे विसरून चालणार नाही.

आ) जाहिरातयुगातील शिफारस –
विसाव्या शतकात अनुभवाची जागा प्रसिद्धीने घेतली. स्वदेशीच्या वातावरणात रवींद्रनाथ टागोरांनी गोदरेज साबणाची शिफारस केली. १९४१ मध्ये अभिनेत्री लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. मात्र वाचकाला ही जाहिरात आहे हे स्पष्ट दिसत असे. आजचा इन्फ्लुएन्सर मैत्रिणीच्या जिव्हाळ्याने बोलतो, परंतु त्यामागे कंपनीचे मानधन असू शकते. आजीची आपुलकी आणि जाहिरातीचा हेतू यांचे हे मिश्रण हेच आजच्या प्रश्नाचे मूळ आहे.

इ) शास्त्रीय ज्ञान व हितसंबंध –
जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी १८८२ मध्ये सॅलिसिलिक आम्लाच्या त्वचेवरील उपयोगाचे वर्णन केले. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट व यू यांनी अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा त्वचाविकारांवरील परिणाम मांडला. पुढे त्यांनीच अशा उत्पादनांची कंपनी स्थापन केली. तरीही त्यांचे संशोधन त्याज्य ठरले नाही, कारण ते इतरांना तपासून पाहता येत होते. म्हणजेच केवळ हितसंबंध असल्याने मत खोटे ठरत नाही. हितसंबंध लपविणे आणि पडताळणीस वाव न ठेवणे हे खरे दोष होत. या आम्लांमुळे त्वचा उन्हास अधिक संवेदनशील होते. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये वेष्टनावर तशी सूचना देण्याची शिफारस केली. सावळ्या त्वचेवर दाह झाल्यास काळे डाग मागे राहण्याचा संभव अधिक असतो. पाथर्डीच्या उन्हात वावरणाऱ्यास ही माहिती न देणारा सल्ला अपुराच म्हणावा लागेल.

ई) साधनचिकित्सा –
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या १८९८ मधील पहिल्या खंडात बखरींची कठोर चिकित्सा करून अस्सल कागदपत्रांना प्राधान्य दिले. बखर टाकून द्यावयाची नसते, तर पारखून घ्यावयाची असते. हाच न्याय येथे लावता येतो. सांगणारा कोण, त्याची पात्रता काय, त्याला मोबदला कोणाकडून मिळतो, उत्पादन त्याने किती काळ वापरले, प्रकाशयोजना वा फिल्टरने चित्र बदलले आहे काय आणि स्वतंत्र पुरावा दुजोरा देतो काय, हे प्रश्न विचारले पाहिजेत. मढीच्या यात्रेतील गाढवांच्या बाजारात जाणता खरेदीदार विक्रेत्याची स्तुती ऐकूनही जनावराचे दात पाहतोच.

कायद्यानेही हीच दिशा घेतली आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या तत्त्वांनुसार आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख व पुनरावृत्तीस ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

निष्कर्ष :
१) इन्फ्लुएन्सरचे मत हे साधन आहे, प्रमाण नव्हे.
२) उत्पादनाचा वास, पोत, वापरण्याची सुलभता याबाबत ते उपयुक्त ठरू शकते. मुरूम, डाग वा दाह यांवरील उपायासाठी मात्र त्वचारोगतज्ज्ञाचाच सल्ला घ्यावा.
३) मोबदला उघड करणे प्रामाणिकपणाचे लक्षण असले, तरी तेवढ्याने दावा सिद्ध होत नाही.
४) साधनचिकित्सा ही इतिहासाच्या वर्गापुरती मर्यादित न ठेवता दैनंदिन व्यवहारातील उदाहरणांद्वारे सर्व शाखांतील विद्यार्थ्यांना शिकवली जावी. ज्या विद्यार्थ्याला बखर वाचता येते, त्याला जाहिरातही वाचता आली पाहिजे.