संशोधन-अहवालातील सवयींची निवड

संशोधन कसे झाले हे अहवालात पुरेसे उतरावे, यासाठी संशोधकाची कोणती सवय आधी बदलायची ते ठरवण्याची रीत. ‘अहवाल नीट लिहा’ ही झाली सूचना. कोणी, केव्हा, कोणत्या कागदावर काय लिहायचे हे ठरले, की तिची कृती होते.

वैद्यकीय चाचण्यांच्या अहवालांसाठी ‘कॉन्सॉर्ट’ ही तपाससूची १९९६ मध्ये निघाली. २०१० च्या आवृत्तीत तिच्यात २५ बाबी होत्या, २०२५ मध्ये ३० झाल्या. सूची हाती असूनही अहवालांतल्या त्रुटी राहिल्याच. एकदम तीस सवयी कोण लावून घेणार? सुसान मिची, लू अॅटकिन्स व रॉबर्ट वेस्ट यांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत निवडीसाठी चार कसोट्या आहेत : बदलाने फरक किती पडेल, तो घडणे कितपत शक्य आहे, त्यामागोमाग आणखी काही सवयी सुधारतील का, आणि झालेला बदल मोजता येईल का. भारतात एकाच सवयीवर बोट ठेवल्याचे उदाहरण म्हणजे चाचण्यांची नोंदणी. राष्ट्रीय नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ मध्ये औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करणे आवश्यक झाले.

गोंदिया जिल्ह्यातील सारस पक्ष्यांची गणना वैद्यकीय नव्हे, पण या कसोट्या तिलाही लागू पडतात. महाराष्ट्रातील सारस आता मुख्यतः इथेच उरले आहेत : परसवाडा, झिलमिलीसारखे तलाव, बोड्या (लहान तळी) आणि धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते). उन्हाळ्याअखेरीच्या गणनेत वन विभाग, स्वयंसेवी संस्था व शेतकरी सहभागी होतात. वर्तमानपत्रात येतो तो एक आकडा. तो मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवायचा, तर किती ठिकाणे पाहिली आणि किती माणसे होती, हे कळायला हवे.

इथे पहिली निवड कोणती? प्रस्तुत नोंदीचे मत : शून्य लिहिणे. पहाटे पाच वाजता बोडीच्या पाळीवर बसलेल्याला आठपर्यंत बगळे आणि ढोकरीच दिसल्या, तर तो कागद कोरा ठेवून घरी जातो. कोरा कागद म्हणजे सारस नव्हता, की माणूसच गेला नव्हता, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. शून्य आणि वेळ लिहायला मिनिटही लागत नाही. कागद गोळा होताना ते तपासता येते. आणि शून्य लिहिणारा हळूहळू दिसण्यातले अडथळेही लिहू लागेल, अशी अपेक्षा.

दुसरी निवड उडण्याच्या दिशेची. वाघ आणि वैनगंगा या नद्यांपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. या काठावर चरणारी जोडी त्या काठावर मुक्कामाला गेली, तर ती दोन्हीकडे मोजली जाण्याची भीती असते. दिशा व घड्याळातली वेळ टिपली, तर दोन्ही काठांचे कागद जुळवता येतात. पिल्लू व प्रौढ वेगळे लिहिणे हेही महत्त्वाचे, पण दुरून ओळखायला सराव लागतो. म्हणून ते नंतर.

जुन्या नोंदी वाचताना आणखी एक अडचण येते. गोंदिया हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदावर नुसते ‘भंडारा’ असेल, तर तलाव आजच्या कोणत्या जिल्ह्यातला, हे गावाच्या नावावरूनच ठरवावे लागते.