संपातून आलेला टेप

गावाचा इतिहास सांगायचा म्हटलं की माणसं देवळाचा सांगतात, वाड्याचा सांगतात, शाळेचा सांगतात. लाईट कोणत्या साली आली, एसटी कधी सुरू झाली, ७२ च्या दुष्काळात कोण कुठल्या कामावर खडी फोडत होतं, हेही सांगतात. पण गावात आवाज कसा आला ते कोणी सांगत नाही. माणसाच्या गळ्यापेक्षा मोठा आवाज म्हणतोय मी. तो आधी कोणाकडं होता, मग कोणाकडं गेला, आणि त्यापायी कोणाला काय सोसावं लागलं, हाही इतिहासच आहे. आमच्या माण तालुक्यातल्या एका लहान गावापुरता तो मी लिहून ठेवतोय.

पहिला रेडिओ आला तो ग्रामपंचायतीत. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं, आणि आमच्या भागात रेडिओ म्हणजे सांगली नाहीतर पुणे. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागायचं, दरवर्षी फी भरून पुस्तकावर शिक्का घ्यायला लागायचा. त्यामुळं घरचे रेडिओ बोटावर मोजण्याइतकेच. मग भोंगा आला. लग्नात, यात्रेत, निवडणुकीत भोंगा वाजायचा. पण सगळ्या गावात भोंगा एकाच घरी होता. त्या घराचं नाव इथं घेत नाही, ती माणसं आता नाहीत. भोंगा कोणाच्या दारात वाजायचा आणि कोणाच्या नाही, हे ते घर ठरवायचं.

कॅसेट निघाली १९६३ सालीच, फिलिप्स कंपनीनं काढली. पण आमच्याकडं ती पोचायला पंधरा-सोळा वर्षं गेली. आणली ती मुंबईच्या चाकरमान्यांनी. आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, लालबागला एका गिरणीत साचे खात्यात होते. १९८० च्या दिवाळीला बोनस आणि भिशीचे पैसे एकत्र करून त्यांनी मुसाफिरखान्यातून एक जपानी टू-इन-वन घेतला. दोन बाजूला दोन स्पीकर, मधे कॅसेटचं दार, वर धरायला दांडी. खोलीत आठ-दहा माणसं राहायची, त्यांना तेवढा आवाज पुरायचा.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पहिले चार-सहा महिने तात्या मुंबईतच थांबले, आज मिटेल उद्या मिटेल करत. मग खानावळीचं बिल थकलं आणि ते गावी आले. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात टेप. जमीन साडेतीन एकर, तीही पावसावर. घरात खाणारी तोंडं नऊ. आजी म्हणाली, "त्यो डबडा इकून टाक." तात्या काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी मला म्हणाले, "चल, म्हसवडला जाऊन येऊ."

म्हसवडला एक मिस्त्री होते. लष्करात सिग्नलमधून पेन्शनीत आलेले. सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे. तात्यांनी टेप पुढं ठेवला आणि सांगितलं, "सुभेदार, ह्येचा आवाज मांडवभर जाईल असं करा. भाड्यानं द्यायचा इचार हाय."

सुभेदारांनी जे समजावून सांगितलं ते मला अजून तोंडपाठ आहे. म्हणाले, "ह्याच्यात आठ मोठे सेल बसतात. दीड-दीड व्होल्टचे आठ, म्हणजे बारा व्होल्ट. स्पीकर चार ओहमचा. बारा व्होल्टावर चार ओहमला चार-साडेचार वॉटच्या वर जाताच येत नाही, जपान्यानं करा नाहीतर ब्रह्मदेवानं. टाकी जेवढी उंच तेवढाच पाण्याला जोर. पण व्होल्ट दुप्पट केले की वॉट चौपट होतात." म्हणजे सेलाचा नाद सोडून ट्रान्सफॉर्मर बसवायचा आणि टाकी उंच करायची.

तात्यांचं म्हणणं, सगळं टेपच्या पोटातच बसवा, बाहेरून जपानीच दिसू द्या. सुभेदारांनी मान हलवली. कारणं तीन सांगितली. एक, मोठा अ‍ॅम्प्लिफायर तापतो आणि त्या प्लास्टिकच्या पेटीतून ऊन बाहेर पडायला वाट नाही. दोन, टेपची मोटर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच सप्लायवर ठेवले तर ढोलकीचा जोरात ठोका आला की व्होल्टेज दबतं आणि मोटर मंद होते, गाणं लोंबायला लागतं. तीन, ट्रान्सफॉर्मर टेपच्या हेडजवळ आला की हेड त्याची घूं-घूं ओढून घेतं आणि ती गाण्याबरोबर मोठी होऊन बाहेर येते. "तव्हा तात्या, टेपाला हात लावायचा न्हाई. त्यो हाय तसाच ठेवायचा. ह्यो अ‍ॅम्प्लिफायर येगळा."

आणि तसंच केलं. जुन्या शिसवी पेटीत त्यांनी सामान बसवलं. १२-०-१२ चा जड ट्रान्सफॉर्मर, जाड डायोड, तांब्याएवढे वाटणारे दोन कंडेन्सर, आणि ३०५५ नंबरचे चार ट्रान्झिस्टर. हा ३०५५ म्हणजे लोखंडी शंकरपाळंच. चारही अ‍ॅल्युमिनियमच्या पंखेदार पट्टीवर कसलेले, खाली अभ्रकाचा पातळ कागद आणि पांढरी पेस्ट, म्हणजे उष्णता जाईल पण करंट जाणार नाही. टेपच्या इअरफोनच्या भोकातून जाळीदार वायर काढून या पेटीला दिली. अर्थिंग एकाच ठिकाणी, दोन ठिकाणी दिलं तर पुन्हा घूं-घूं. एका बाजूला वीसेक वॉट निघायला लागले.

तात्या खूश झाले, तर सुभेदारांनी जमिनीवर आणलं. म्हणाले, "वॉट पाचपट झाले म्हणून आवाज पाचपट न्हाई होत. कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट दहापट लागत्यात. म्हणून निम्मं पैसं स्पीकरला ठेवा." दोन मोठे स्पीकर पुण्याहून बुधवार पेठेतून मागवले. त्यांना लाकडी खोकी करायची ऐपत नव्हती. कुंभाराकडून दोन रांजण घेतले, चांगले खणखणीत भाजलेले, आणि तोंडावर फळीची चकती बसवून त्यात स्पीकर कसले. मागचा आवाज रांजणात कोंडला की पुढचा ठोका भरून यायचा. त्या काळी हे पुष्कळ ठिकाणी करायचे. बैलगाडीत रांजण नेताना मी खाली गवताच्या पेंढ्या घालायचो.

सुभेदारांनी न मागता एक गोष्ट जादा केली. पेटीला माईकचं भोक ठेवलं. म्हणाले, "गाणी काय, ती वाजतीलच. माणसाला बोलायला पण लागतंय."

लग्नाचा हंगाम धरला आणि तात्यांचं चाललं. सकाळी सनई, मग मंगलाष्टका माईकवर, पंगतीला प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं. एकादशीला बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ. भोंग्याचा आवाज कर्कश, लांब जाणारा. रांजणाचा गोड, भरीव. भाडंही कमी. हिशेबाची वही माझ्या अक्षरात आहे, कारण दहावीपर्यंत शिकलेला घरात मीच. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराबाई गेल्या, त्या संध्याकाळी तात्यांनी पेटी पारावर नेली आणि टेपमधला रेडिओ लावला. सगळं गाव बातम्या ऐकत उभं होतं. त्या दिवशीचं भाडं वहीत नाही, कारण घेतलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, त्याच वर्षीच्या एप्रिलचं. दरवर्षी १४ एप्रिलच्या आसपास गावातला भोंगा परगावी गेलेला असायचा. कधी दुरुस्तीला, कधी पाहुण्याच्या लग्नाला. दुसऱ्या गावचा मंडपवालाही याच तारखेला काही ना काही कारण सांगायचा. बौद्ध वस्तीतली पोरं जयंतीला ढोलकी आणि गळा यांवरच भागवायची. १९८४ ला मार्च अखेरीला त्यांच्यातले तिघं आमच्या अंगणात आले. बसा म्हटलं तरी बसेनात. तात्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता लागंल?"

बातमी संध्याकाळपर्यंत फिरली. भावकीतले एक वडीलधारे आले. "तात्या, पुढं पोरींची लग्नं करायची हायत न्हवं तुला? भावकी लागंल."

तात्या म्हणाले, "दादा, मशीन भाड्याचं हाय. भाडं देईल त्येच्या दारात जाईल."

दादा गेल्यावर ते मला गिरणीचं सांगायला लागले. जुन्या काळात साचे खात्यात दलितांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला दोरा तोंडानं ओढून काढायला लागायचा आणि दुसऱ्याच्या तोंडचा धोटा चालायचा नाही. साचे खात्याला पगार जास्त, तोच बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला होता. हे तात्यांना खात्यातल्या म्हाताऱ्या कामगारांनी सांगितलेलं. "माझ्या येळेला आमी शेजारशेजारच्या साच्यावर हुतो," तात्या म्हणाले, "संपात एका ताटात जेवलो. आता गावात यून मी वायर तोडू व्हय?"

१४ एप्रिलला रांजण वस्तीत गेले. वीज शेजारच्या घरातून घेतली, व्होल्टेज इतकं कमी की बल्ब लालसर दिसत होता, तरी पेटीनं दम धरला. कॅसेटी वाजल्या. मग माईक काढला. मी माईक स्पीकरच्या मागं धरायला सांगितला, पुढं आला तर शिट्टी मारतो म्हणून. सातवीतल्या एका पोरानं भाषण केलं. एका म्हातारीनं जात्यावरच्या चालीत बाबासाहेबांच्या ओव्या म्हटल्या. तिचा आवाज बारीक, थरथरता. पण रात्रीच्या वेळी तो ओढा ओलांडून वरच्या आळीपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी माझी आजी म्हणाली, "गळा चांगला हाय की तिचा." इतकी वर्षं दोघी एकाच गावात, पण आजीनं तो पहिल्यांदाच ऐकला होता.

त्या हंगामात वरच्या आळीतल्या ठरलेल्या लग्नांपैकी दोन सुपाऱ्या मोडल्या. तात्यांनी कोणाच्या दारात जाऊन विनवणी केली नाही. पुढच्या वर्षी त्यातलाच एकजण परत आला, कारण रांजण स्वस्त पडायचा. हा उपदेशाचा विजय नव्हता, हिशेबाचा होता. भोंगा एकाच घरी होता तोवर नाही म्हणायची ताकद त्या घरात होती. दुसरी पेटी आली आणि ती ताकद पातळ झाली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वॉट वाढत गेले. वीसाचे शंभर, शंभराचे हजार, मग ट्रॅक्टरवर भिंती. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा बंदी. ते बरंच झालं. आज मिरवणुकीत कोण काय म्हणतंय ते शेजारच्याला कळत नाही. सुभेदारांचा हिशेब तिथंही लागू आहे. वॉट वाढवून आवाज वाढतो, पण ऐकू काय येतं ते माईकपुढं कोण उभं राहतं यावर.

टेपचा पट्टा वितळून चिकट झालाय, मोटर फिरत नाही. एक रांजण फुटला, दुसऱ्यात बी-बियाणं ठेवतो. वही मात्र चांगली आहे. १९८४ च्या पानावर माझ्याच अक्षरात आहे : "१४ एप्रिल. वस्ती. दोन रांजण, एक माईक. पैसे रोख, आदल्या दिवशी." त्याच्या खाली दोन लग्नांच्या नोंदी आहेत, दोन्ही खोडलेल्या. खोडताना तात्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं होतं. रेघ सरळ आहे.